रद्द केलेली प्लेट

माझ्या पहिल्या प्लेटवरची बाई डावीकडे वाकली होती आणि प्रेसखालून निघालेल्या कागदावर ती उजवीकडे वाकलेली दिसली. मुद्राचित्रण, म्हणजे प्लेटवरून कागदावर चित्र छापणे, शिकायला आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली जाते. मलाही सांगितली गेली होती आणि मी शहाण्यासारखी मानही डोलावली होती. तरीही कागद उचलून टेबलावर सुलटा केला, तेव्हा ही कोणी दुसरीच बाई आहे असे मला वाटले. बारा वर्षे शिल्पे केल्यामुळे उलटसुलटाचा हिशोब माझ्या अंगात मुरलेला होता, पण तो निराळा होता. मातीतले काम सुलट, त्यावरून काढलेला साचा उलट, साच्यात भरलेले मेण पुन्हा सुलट, मेणाभोवती बसवून भट्टीत भाजायचा साचा पुन्हा उलट आणि त्यात ओतलेले ब्राँझ शेवटी सुलट. इतक्या उलथापालथी होऊनही त्या सम संख्येत असल्यामुळे एकमेकींना खोडून टाकतात आणि मातीत डावीकडे पाहणारा माणूस ब्राँझमध्येही डावीकडेच पाहतो. प्लेट आणि कागद यांच्यामध्ये मात्र एकच उलथापालथ असते आणि तिला खोडणारी दुसरी कोणी नसते.

मुद्राचित्रण शिकवणाऱ्या सरांनी ते प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, पाहिले आणि एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी आरसा घेऊन बस."

मी मुद्राचित्रणाकडे वळले त्यामागे कलेविषयीचा काही मोठा विचार होता असे सांगता आले असते तर बरे झाले असते, पण खरे कारण वाट पाहण्याचा कंटाळा हे होते. ब्राँझचे शिल्प करणाऱ्याच्या वर्षातला बराच काळ काम दुसऱ्याच्या हातात असण्यात जातो. मेण ओतशाळेत पोहोचते केले की भट्टी पेटण्याइतकी कामे जमेपर्यंत थांबायचे, मग साचे वाळेपर्यंत थांबायचे, मग ते भाजून निघेपर्यंत थांबायचे. त्या काळात हातांना काहीतरी काम हवे म्हणून मी ओळखीतल्या एका छोट्या मुद्राचित्रण कार्यशाळेत जाऊ लागले. चार-सहा आठवडे एचिंग, म्हणजे ॲसिडने प्लेटवर रेघा खाऊ देण्याची पद्धत, शिकावे आणि परत मातीकडे यावे असा माझा बेत होता. तिथे जे काम हातात आले ते पुढे दीड वर्ष पुरले. त्यातून वीस मुद्राचित्रे आणि एक ब्राँझ निघाले. हे लिहिते आहे ते त्या एकाच प्लेटविषयी.

पहिले दोन दिवस मी चित्राची एक रेघही काढली नाही. जस्ताच्या पत्र्याच्या चारही कडा कानशीने तिरक्या घासायच्या असतात, कारण प्रेसच्या दाबाखाली धारदार कड कागद कापते आणि वरच्या फेल्टलाही, म्हणजे प्रेसमधल्या जाड लोकरी कापडालाही, कायमची इजा करते. कानस हे शिल्पकाराचे रोजचे हत्यार असल्याने हे काम मी तासाभरात उरकले. सरांनी कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले, एका ठिकाणी ते अडले आणि त्यांनी प्लेट परत केली. असे चार वेळा झाले. शिल्पावर कानस चालवताना मी मिलिमीटरच्या भाषेत विचार करत असे आणि इथे त्याच्या दहाव्या भागाला किंमत होती. हा फरक डोक्याला लगेच कळला, मनगटाला कळायला काही महिने लागले.

विषय ठरलेला होता. वाकून काहीतरी उचलणाऱ्या एका बाईची पाठ, बस्स. चेहरा नाही, हात नाहीत, उचलायची वस्तूही नाही. मातीत मी ही पाठ पूर्वी तीनदा केली होती आणि तिन्ही वेळा ती फार धष्टपुष्ट झाली होती. प्लेट तापवून तिच्यावर मधमाश्यांचे मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर पसरला, तो थंड झाल्यावर सुईने त्यात रेघा ओढल्या आणि प्लेट पाणी घातलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये सोडली. सुईने धातू कोरायचा नसतो, फक्त वरचे मेण बाजूला करायचे असते. धातू खाण्याचे काम ॲसिड करते. माझ्या हाताला ही गोष्ट पटेना. दाब देऊन काहीतरी काढून टाकल्याशिवाय काम केल्यासारखे वाटायचेच नाही, त्यामुळे माझ्या पहिल्या रेघा सुईनेच निम्म्या खोदलेल्या होत्या आणि ॲसिडने त्या आणखी रुंद करून ठेवल्या. रेघेवर बुडबुडे जमतात, ते तसेच राहिले तर त्याखाली धातू कमी-जास्त खाल्ला जातो, म्हणून पक्ष्याचे पीस घेऊन ते हळूच बाजूला सारत राहावे लागते. ॲसिडच्या ट्रेवर वाकून पिसाने बुडबुडे सारणे हे मी आजवर केलेल्या कामांतले सर्वांत नाजूक काम असेल. तोंडावर मास्क, हातात जाड मोजे आणि चिमटीत ते हलके पीस.

रेघांनंतर मी मोठाले भाग उघडे टाकून प्लेट खोलवर खाऊ दिली, कारण मला सपाट चित्र नको होते. मणक्यांच्या गाठी वरच्या पातळीवर राहतील, मांसाचा भाग त्याखाली जाईल आणि बरगड्यांखालची सावली सर्वांत खोल असेल, असे तीन मजले मनात होते. म्हणजे मी पुन्हा शिल्पच करत होते, फक्त त्याची एकूण उंची दीड मिलिमीटर होती. आणि इथे आणखी एक उलथापालथ होती, जी मला कोणी सांगितली नव्हती: प्लेटवर जे सर्वांत खोल असते ते कागदावर सर्वांत उंच येते. ओला कागद दाबाखाली खळग्यात शिरतो आणि वाळल्यावर तिथे बोटाला लागेल इतका उठाव राहतो. म्हणजे मी सावली म्हणून जे खोल खोदत होते, ते कागदावर पाहणाऱ्याकडे पुढे येणार होते. फक्त डावे-उजवे नाही, पुढे-मागेही पालटणार होते. हे लक्षात आल्यावर मी दोन दिवस प्लेटला हात लावला नाही. शेवटी ठरवले की सावलीचा काळा रंग तिला मागे ढकलेल आणि कागदाचा उठाव तिला पुढे ओढेल, त्या दोघांचे काय ते त्यांनीच बघून घ्यावे.

तिसऱ्या मजल्याच्या वेळी चूक झाली. ॲसिड जुने होऊन मंदावले होते, म्हणून मी पाणी आणि ॲसिड नव्याने मिसळले (नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही), प्लेट आत सोडली आणि दुसऱ्या खोलीत कागद कापायला गेले. जस्त आणि नायट्रिक ॲसिड यांच्या क्रियेतून उष्णता निघते. उघडा भाग मोठा असला तर ट्रे तापतो, तापला की क्रिया वेग घेते आणि वेग वाढला की ट्रे आणखी तापतो. मी परत आले तेव्हा ट्रेवर पिवळसर तपकिरी धूर दिसत होता आणि सर खिडक्या उघडत होते. त्यांनी आधी मला बाहेर काढले, मग लांब चिमट्याने प्लेट. ती धुतल्यावर दिसले की उजव्या खांद्यापाशी अंगठ्याच्या नखाएवढे आरपार भोक पडले आहे. सर रागावले, पण भोकावरून नाही. ॲसिड सोडून गेल्याबद्दल त्यांनी मला जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही आणि त्यातला शब्दन् शब्द योग्य होता.

तीन महिन्यांचे काम फुकट गेले असे मी धरून चालले होते. सरांनी भोकाच्या कडा बोटाने चाचपल्या, कानशीने त्या आतून-बाहेरून गोल करायला सांगितल्या आणि शाई न लावताच एक कोरा कागद प्रेसमधून काढला. भोकाच्या जागी कागद प्लेटच्या पलीकडे दाबला जाऊन एक पांढरा, स्वच्छ, माथ्यावर सपाट असा उंचवटा तयार झाला होता. ब्रिटिश मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी आपल्या तांब्याच्या प्लेटांत मुद्दाम खोल खोदून शाईविना असे पांढरे उठाव घेतले होते हे मी वाचले होते. वाचलेले आणि बोटाखाली आलेले यांत अंतर असते एवढेच. त्या दिवसापासून प्रत्येक छपाईच्या वेळी त्या भोकाखाली पातळ कागदाचा स्वच्छ तुकडा ठेवणे हा नियम झाला, कारण प्रेसच्या बेडवर शाईचा कण जरी असला तरी तो नेमका त्या पांढऱ्या माथ्यावर उमटतो.

आता रंगांकडे येते. एकाच प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग छापण्याची पद्धत पॅरिसमध्ये हेटर यांच्या ‘आतलिए १७’ या कार्यशाळेत विकसित झाली आणि त्यात कृष्णा रेड्डी आणि कैको मोती या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. रेड्डी (१९२५–२०१८) मुळात शिल्पकार. शांतिनिकेतनात शिकलेले, लंडनमध्ये हेन्री मूर यांच्याकडे आणि पॅरिसमध्ये ओसिप झाडकिन यांच्याकडे शिल्प शिकलेले. त्यांचे १९६३ चे ‘व्हर्लपूल’ हे मुद्राचित्र मी प्रथम पाहिले तेव्हा रंग पाहत होते. प्लेटवर हात बसल्यानंतर त्याची छायाचित्रे पुन्हा पाहिली तेव्हा दिसला तो रंगाखालचा धातू, कुठे किती खोल गेला आहे ते. ती प्लेट शिल्पकारानेच केलेली असणार हे मग कोणी सांगावे लागत नाही.

या पद्धतीचे मर्म शाईच्या घट्टपणात आहे. आधी घट्ट काळी शाई रेघांत भरून वरची पुसून घ्यायची. मग जवसाचे तेल घालून पातळ केलेली एक शाई कडक रोलरने हलकेच फिरवायची, म्हणजे ती फक्त सर्वांत वरच्या मजल्यावर बसते. मग दुसरी, जवळजवळ तेल नसलेली घट्ट शाई मऊ रोलरने दाब देऊन फिरवायची. मऊ रोलर खालच्या मजल्यापर्यंत पोहोचतो आणि तिथे ती शाई सोडतो, पण वरच्या मजल्यावर आधीच बसलेली तेलकट शाई तिला स्वीकारत नाही. दोन रंग एकमेकांना खेटून राहतात आणि तरी मिसळत नाहीत. हे सांगायला सोपे आहे. मी निळ्यात तेल कमी घातले तेव्हा पिवळ्या मातकट रंगाने निळ्याला गिळून शेवाळ केले, जास्त घातले तेव्हा निळा रेघांत उतरून काळ्याला फिका करू लागला. सर सुरीवर शाई घेऊन ती काचेवर सोडायचे आणि तार कुठे तुटते ते पाहायचे. मी वहीत चमचे आणि ग्रॅम लिहून ठेवत असे. त्या वहीचा उपयोग इतकाच झाला की हवा बदलली की कालचे ग्रॅम आज चालत नाहीत हे मला लेखी स्वरूपात सिद्ध करता आले.

रोलरचेही एक गणित आहे. प्लेट एकाच फेरीत झाकली गेली नाही तर दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीची रेघ रंगात दिसत राहते. माझी प्लेट ४० सेंटीमीटर लांब होती, म्हणजे रोलरचा घेर तेवढा आणि व्यास जवळपास १३ सेंटीमीटर हवा. असा रोलर जड असतो. तो दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून, एका सरळ चालीत पुढे न्यायचा आणि शेवटी न थांबता उचलायचा. मातीचे गोळे उचलून कमावलेले खांदे इथे पहिल्यांदा उपयोगी पडले.

वीस प्रतींची आवृत्ती छापायला काही आठवडे लागले, कारण दिवसाला तीनपेक्षा जास्त प्रती धड निघत नसत आणि निघालेल्यांतली एखादी फाडावीच लागे. आदल्या रात्री सुती कागद भिजवून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा, सकाळी टीपकागदात दाबून त्याची चमक घालवायची, काळी शाई जाळीदार कापडाने गोल गोल पुसायची, शेवटी तळहाताने. मग निळा, मग पिवळा, मग कागद, त्यावर फेल्ट, मग प्रेसचे चाक. कागद कोपऱ्यातून उचलताना जो चिकट, सुटत जाणारा आवाज होतो त्यावरून सर पाठमोरे असतानाही सांगत, "शाई जास्त झाली." शिल्पात मला असा क्षण कधी मिळाला नव्हता. ब्राँझ साच्यातून निघते तेव्हा ते काळे, खरबरीत आणि नळ्यांच्या जंजाळात अडकलेले असते आणि ते चांगले आहे की नाही हे कळायला आठवडाभर छिन्नी चालवावी लागते. इथे कागद उलटला की निकाल समोर.

आवृत्ती अर्धी झाली असताना मला सोमनाथ होर यांची ‘वूण्ड्स’ ही कागदाच्या लगद्याची चित्रमालिका सारखी आठवू लागली. होर (१९२१–२००६) हेही मुद्राचित्रकार आणि शिल्पकार. त्या मालिकेसाठी त्यांनी मेणाच्या आणि मातीच्या पाट्यांवर सुरीने वार केले, त्यांवरून सिमेंटचे साचे घेतले आणि त्यांत कागदाचा लगदा दाबून पांढऱ्यावर पांढऱ्या जखमा काढल्या. शाई नाहीच. ती मुद्राचित्रे म्हणायची की साच्यातून काढलेली शिल्पे, याचे उत्तर द्यायची गरज त्यांना वाटली नसावी. पुढे त्यांनी ब्राँझेही केली ती मेणाचे पत्रे फाडून, दुमडून, जोडून. जर्मन मुद्राचित्रकार आणि शिल्पकार केटे कोलवित्झ यांचे उदाहरण उलट बाजूचे आहे. मुलगा पेटर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेल्यावर त्यांनी शोकमग्न आईवडिलांचे शिल्प मनात धरले आणि ते १९३२ मध्ये, अठरा वर्षांनी, पुरे झाले. मधल्या काळात ‘युद्ध’ या मालिकेतल्या काष्ठछापात त्यांनी तेच आईवडील काढले होते. छापात ती दोघे एकमेकांत कोसळून एकच काळा गोळा झाली आहेत. दगडात ती वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, एकमेकांना स्पर्श न करता, गुडघे टेकून बसली आहेत. माध्यम बदलले की त्या माणसांमधले अंतरच बदलले, हे मला त्या दोन्ही कामांबद्दल लिहिलेल्या कशाहीपेक्षा जास्त शिकवून गेले.

तर मी प्लेटवरून मेण काढायचे ठरवले. प्लेट पाणसळ लावून सपाट ठेवली, भोवती मातीचा बांध घातला, भोकाखाली मातीची वाटी करून लावली, सगळ्यावर साबणाचे पाणी फिरवले आणि वितळवलेले मेण कडेने गढूळ दिसू लागेपर्यंत निवू देऊन ओतले. पहिला पत्रा वाया गेला, कारण जस्त उष्णता झटकन ओढून घेते आणि मेण ओतता ओतताच गोठून त्यावर लाटांच्या रेषा उमटल्या. दुसऱ्या वेळी प्लेट कोमट केली. तेव्हा मेण नीट पसरले, पण ॲसिडने आतून पोखरलेल्या रेघांत ते अडकून बसले आणि सोडवताना दोन मणके उचकटले. तिसरा पत्रा पूर्ण निघाला. तो कोमट असतानाच मी मांडीवर ठेवून वाकवला आणि ती पाठ, जी दीड वर्ष सपाट पडून होती, एकदम वाकली. खांद्यावर भोकाच्या जागी मेणाची एक बुटकी गाठ उभी होती.

ओतशाळेतल्या मिस्त्रींनी मेण उजेडासमोर धरले आणि म्हणाले, "ताई, खांद्यापाशी उजेड आरपार येतोय. पातळ आहे. इथे बाहेरून अजून एक रनर द्या, नाहीतर धातू पोचायच्या आधी गोठेल."

मी नाही म्हटले. रनर म्हणजे धातू आत नेणारी नळी. ती बाहेरून लावली की ब्राँझ झाल्यावर ती कापून तिथली जागा घासावी लागते, म्हणजे ॲसिडने दिलेला पोत तिथे जाणार. मिस्त्री वाद घालत नाहीत. त्यांनी मेण नळ्यांसकट वजन केले. ते नऊशे ग्रॅम भरले, म्हणून मुशीत नऊ किलोंहून थोडे जास्त ब्राँझ घालायचे ठरले, कारण त्याच आकारमानाला मेणाच्या साधारण दसपट धातू लागतो. प्लॅस्टर आणि विटांची भुकटी यांचा साचा बसला, भाजायच्या भट्टीची वाट पाहत रांगेत लागला आणि मी कार्यशाळेत परतले.

त्याच मधल्या काळात आवृत्ती पुरी झाली. प्रतींवर पेन्सिलने डावीकडे अनुक्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही आणि वर्ष लिहिले. मग सरांनी खरवडणी माझ्या हातात दिली. आवृत्ती संपली की प्लेट रद्द करायची असते, म्हणजे तिच्यावरून पुन्हा कोणी छापू शकणार नाही आणि घेणाऱ्याला दिलेला वीसचा शब्द खरा राहील. मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा ओढल्या, चांगल्या खोल, कारण आता मनगटाला धातूची ओळख झाली होती. रद्द प्लेटचा एक पुरावा छापून घेतला आणि प्लेट कपाटात ठेवली.

दहा दिवसांनी साचा फोडला तेव्हा खांदा नव्हता. धातू बगलेपर्यंत आला होता आणि तिथे गोल, गुळगुळीत, वितळलेल्या मेणबत्तीसारख्या कडेने थांबला होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला सोपे गेले असते. अशा वेळी शिल्पकार साच्यातून दुसरे मेण काढतो. मूळ कामाचा साचा असेल तर आठ प्रती आणि चार कलाकार-प्रती ही ब्राँझसाठी फ्रान्समध्ये रूढ असलेली मर्यादा अनेक ठिकाणी पाळतात. पण माझ्याकडे साचा नव्हताच. मेण थेट प्लेटवरून काढले होते आणि ते भट्टीत जळून गेले होते. उरली होती ती प्लेट, आणि तिच्यावर मी स्वतःच्या हाताने काट मारली होती.

सरांना विचारायला गेले तेव्हा त्यांचे मत मला आधीच ठाऊक होते. "रद्द म्हणजे रद्द. त्या प्लेटवरून आता काही निघायला नको." मी म्हटले की शब्द कागदाच्या प्रतींबद्दल दिला होता, एकविसावा कागद मी काढणारच नाही. त्यावर ते बराच वेळ रोलर पुसत राहिले. मग म्हणाले, "रेघा पुसणार आहेस का?" मेणावर त्या पुसणे पाच मिनिटांचे काम होते, कारण प्लेटवरची खोल रेघ मेणावर उंच वळ होऊन येते आणि तापवलेली सुरी फिरवली की वळ जातो. मी पुसणार नाही म्हटले. "मग ते दुसरं काम झालं. तसं लिहून ठेव." मी नोंदवहीत तसे लिहिले: रद्द प्लेटवरून काढलेले मेण, एकच प्रत.

दुसऱ्या वेळी खांद्यापाशी मेण पाठीमागून जाड केले आणि रनर आतल्या बाजूने दिला. तसे पहिल्या वेळीही देता आले असते. मिस्त्रींनी बाहेरून म्हटले आणि मी नाही म्हटले, या दोन्हींच्या मधली जागा तेव्हा दोघांनाही सुचली नव्हती. ओतण्याच्या दिवशी मूस भट्टीतून वर आली, वरचा मळ काढला आणि धातू साच्यात गेला. याला अर्धे मिनिटही लागत नाही आणि त्याबद्दल लोक फार लिहितात, म्हणून मी लिहीत नाही. ब्राँझ पूर्ण आले. खांद्यावरची गाठ आली, मणके आले, दोन तिरके वळ आले, ते पाठीच्या मधोमध एकमेकांना छेदतात आणि वाकलेल्या पाठीवर पाठीशी बांधलेल्या ओझ्याच्या दोऱ्यांसारखे दिसतात. पाहणारे तसेच समजतात आणि मी त्यांची समजूत दुरुस्त करत नाही. पण पहिले ब्राँझ नीट आले असते, तर त्या दोऱ्या नसलेली पाठच मला जास्त आवडली असती. ती मी मेणात पाहिली होती.

पॅटिना, म्हणजे ब्राँझवर रसायनांनी आणलेला रंग, साधा ठेवला. बर्नरने ब्राँझ तापवून आधी गंधकाचे द्रावण लावून काळपट केले, घासून उंचवटे उजळले, मग फेरिक नायट्रेटने तांबूस तपकिरी रंग आणला आणि शेवटी मेणाचा हात. निळा आणि पिवळा इथे नाहीत, त्यांची उणीवही भासत नाही.

परवा दोन्ही कामे शेजारी ठेवली. मुद्राचित्रातली बाई उजवीकडे वाकली आहे आणि ब्राँझमधलीही उजवीकडेच, कारण प्लेटवरून मेण काढताना झालेली एक उलथापालथ खोडणारे कोणी नव्हते. डावीकडे वाकलेली ती फक्त प्लेटवर. वाकलेल्या पाठीवरून दोरा टाकून मी लांबी मोजली. प्लेट ४० सेंटीमीटर. कागद ओला छापला जातो आणि वाळताना आक्रसतो, त्यामुळे त्यावरचे चित्र काही मिलिमीटरांनी आखूड भरले. ब्राँझही थंड होताना आक्रसते, त्यामुळे ते आणखी थोडे आखूड. मोजून झाल्यावर प्लेट तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून पुन्हा कपाटात ठेवली.